लेकराला दहापैकी सात? : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माही पोरगी पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली व्हती, गेल्या मयन्यात तालुक्याच्या दवाखान्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली. सुट्टीच्या कार्डावर 'ॲपगार ७/१०, ९/१०' असं लिवलं हाये. गल्लीतली नर्सिंगवाली पोट्टी म्हणते का हे लेकराचे मार्क व्हय. तवापासून जावयाच्या घरचे म्हणून रायले का पैदा होताच तीन मार्क कटले, पोरगं मंद निंगते का काय. दूध तर चांगलं पिते, रडते बी भल्लं. खरं काय ते सांगा.
— एक आजी, आर्वी तालुका

उत्तर : आजी, व्याह्यांना सांगा की हा बुद्धीचा पेपर नव्हेच. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाने पाच गोष्टी बघतात : ठोके, श्वास, हातपायातला जोर, नाकात नळी घातली की तोंड वाकडं करते का, आणि रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २. पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच. पहिल्या मिनिटाला बहुतेक लेकरांचे तळहात तळपाय निळसरच असतात, त्यामुळे पुरे दहा फार थोड्यांना मिळतात. सात म्हणजे ठीक आणि सातावरून नऊ म्हणजे तुमच्या नातवाने चार मिनिटात चांगलाच जोर धरला. पुढे तो शाळेत कसा निघेल हे या आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही, ज्या डॉक्टरने ही मार्कांची पद्धत शोधली तिनेही त्यासाठी शोधली नव्हती.

प्रश्न : सर, मी एएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅडम म्हणाल्या ॲपगार हे एका डॉक्टरचं आडनाव आहे. ते कोण होते?
— एक विद्यार्थिनी, पुसद

उत्तर : होत्या. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार, जन्म १९०९, अमेरिकेतलं न्यू जर्सी. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या, वर्गात चौथ्या, आणि त्यांना करायची होती सर्जरी. पण मंदीचे दिवस, त्यात बाई सर्जनकडे पेशंट येणार कुठून, असं म्हणून त्यांच्याच सरांनी त्यांना भूल देण्याच्या कामाकडे वळवलं, जे तिकडे तेव्हा जास्त करून नर्सेसच करायच्या. बाईंनी तो विभाग उभा केला, बरीच वर्षं राबल्या, आणि १९४९ मध्ये स्वतंत्र डिपार्टमेंट झालं तेव्हा प्रमुखाची खुर्ची गेली एका पुरुष डॉक्टरकडे! यांना प्रोफेसर केलं, त्या कॉलेजातल्या पहिल्या बाई प्रोफेसर, पण खुर्ची नाहीच. मग त्या लेबर रूममध्ये जास्त वेळ द्यायला लागल्या, आणि मला विचाराल तर जगभरातल्या लेकरांचं त्यात भलंच झालं.

कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष आईकडे. बाळ श्वास घेत नसेल तर अशक्त आहे म्हणायचं आणि बाजूला ठेवायचं, अशीही रीत होती. सांगतात की एकदा नाश्त्याला बसल्या असताना एका विद्यार्थ्याने विचारलं, नवजात बाळाची तब्येत ठरवायची कशी, तर बाईंनी हाताशी होता त्या कागदावर पाच मुद्दे लिहून काढले. १९५२ मध्ये परिषदेत मांडले, १९५३ ला छापून आले. तुमच्या पुस्तकात ॲपगार या नावाची इंग्रजी अक्षरं जुळवून या मुद्द्यांना पाच नावं दिली असतील, ती साधारण दहा वर्षांनी कोणीतरी पाठांतरासाठी बसवली.

आता मार्क द्यायचे म्हटल्यावर कोणालातरी बाळाकडे बघावंच लागतं, हीच खरी गंमत. शिवाय आकडे जमले तशी तुलना करता आली. बाळंतपणात आईला सायक्लोप्रोपेन नावाचा भुलीचा गॅस देत, बाईंचा तो आवडता, पण त्याने बाळं मलूल पडतात असं रक्ताच्या तपासण्यांतून आणि या मार्कांतून दिसलं तसा त्यांनी तो बाळंतिणींसाठी सोडून दिला. किती डॉक्टर स्वतःचं आवडतं औषध असं सोडतात, मी नाव घेत नाही.

एक लक्षात ठेव, बाळ रडलं नाही तर स्कोअरसाठी मिनिट भरायची वाट पाहायची नसते, पुसणं, ऊब देणं, लागलं तर बॅग-मास्कने श्वास देणं, लगेच सुरू. पाच मिनिटाला सातच्या खाली असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा, वीस मिनिटांपर्यंत.

१९५९ पासून त्या जन्मजात दोषांवर काम करणाऱ्या संस्थेत होत्या, १९७४ ला गेल्या. हौशी बाई, पन्नाशीत विमान शिकल्या, आणि मैत्रिणीसोबत हॉस्पिटलच्या फोन बूथमधली लाकडी फळी गुपचूप काढून तिचं वाद्य बनवलं!

पण हा स्कोअर दवाखान्यातल्या पहिल्या काही मिनिटांचा, घरी गेल्यावर कोण बघणार? त्याचं उत्तर आपल्या गडचिरोलीत निघालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते ते त्याच वाटेने. तेव्हा आर्वीच्या आजींनीही ४२ व्या दिवसाचं वजन चुकवू नये, आणि लेकराने दूध तोडलं, अंग थंड पडलं किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला तर कार्डावरचे मार्क न बघता १०८ ला फोन लावावा.