अलास्कातल्या गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून काडी लावली की आग कशी लागते?

पेटतो तो बर्फाखाली अडकलेला मिथेन वायू. टुंड्रात जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, पण खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेलीच असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यात मातीबरोबर बर्फाच्या जाड पाचरी असतात. त्या वितळल्या की जमीन खचते, खड्ड्यात पाणी साठतं आणि तळं होतं.

आता हे नीट बघा. तळं दोनेक मीटरपेक्षा खोल असेल तर ते तळापर्यंत गोठत नाही. म्हणजे भर हिवाळ्यातही ते पाणी खालची जमीन वितळवतच राहतं. हजारो वर्षं गोठून पडलेली मुळं, पानं तिथे हवेविना कुजतात आणि जंतू मिथेन सोडतात. हिवाळ्याच्या तोंडाशी, नव्या काचेसारख्या बर्फात हे बुडबुडे पांढऱ्या चकत्यांसारखे एकाखाली एक दिसतात. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठातल्या केटी वॉल्टर अँथनी यांनी असे बुडबुडे अलास्का आणि सायबेरियात वर्षानुवर्षं मोजलेत.

उत्तरेच्या पर्माफ्रॉस्टमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. तो सगळा एकदम सुटणार नाही. मला काळजी वाटते ती या तळ्यांचीच, कारण त्यांच्याखाली जमीन आजूबाजूपेक्षा कितीतरी वेगाने आणि खोलवर वितळते.