आधी पासपोर्ट, मग किराणा

परदेशात राहत असताना तिथे बंद, जाळपोळ आणि रोज चढणारे भाव सुरू झाले की आपली पहिली धाव वाणसामानाकडे असते. पण सामान दोन दिवस उशिरा भरलं तरी निभावतं. कागद अपुरे असले तर विमानात पाऊलच ठेवता येत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते मुलांचं. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहानांचा पाचच, आणि तो संपल्याचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, म्हणून वर्षभर आधीच नूतनीकरणाला लागा. परदेशात बाळ झालं आणि त्याला भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर जन्माची नोंद आपल्या दूतावासात एका वर्षाच्या आत करायची. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदीसाठी स्थानिक जन्मदाखला हवा, आणि गडबडीत तो देणारं कार्यालयच कुलूपबंद असतं. व्हिसासाठी पासपोर्ट कुठे दिला असेल तर तणाव वाढताच परत मागा. 2023 मध्ये सुदानच्या राजधानीतले, खार्टूममधले, परदेशी दूतावास लढाईमुळे घाईत रिकामे झाले, तेव्हा कितीतरी सुदानी नागरिकांचे पासपोर्ट आतच राहिले. पासपोर्ट हरवलाच तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं.

दूतावासात कुटुंबाची नोंद आजच करा; पत्ता बदलला की तीही बदला. 2023 मध्येच सुदानमधून भारतीयांना बाहेर काढणाऱ्या ऑपरेशन कावेरीत खार्टूमहून आठशेहून जास्त किलोमीटर रस्त्याने पोर्ट सुदान गाठावं लागलं, मग जेद्दाह. तेव्हा बॅग अशी भरा, की एका कडेवर मूल असताना ती दुसऱ्या हाताने उचलता येईल.

बांगलादेशात जुलै 2024 मध्ये मोबाइल इंटरनेट सुमारे दहा दिवस बंद होतं. अशा वेळी कार्ड आणि बँकेचं ॲप दोन्ही निरुपयोगी. दोन आठवड्यांचा खर्च स्थानिक चलनात घरी ठेवा, तोही लहान नोटांत, कारण सुटे कुणाकडेच नसतात. डॉलर ठेवलेत तर नोटा कोऱ्या हव्यात. फाटक्या, डागाळलेल्या कुणी घेत नाही. भारतात उतरताना पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर कस्टमला जाहीर करावी लागते. महागाई धावत असताना पगार खात्यात पडून राहू देऊ नका: भाडं, फी त्याच दिवशी भरा, महिन्याचा खर्च बाजूला काढा, उरलेले बँकेतून भारतात पाठवा. काळ्या बाजारातला चढा दर कितीही मोहात पाडो, खोट्या नोटा आणि अटक हे दोन्ही धोके त्यात आहेत.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना तीन दिवसांसाठी 48 लिटर. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर उकळा. इंधन नसेल तर बिनवासाचं, पाच-सहा टक्क्यांचं घरगुती ब्लीच लिटरला दोन थेंब घालून अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी गाळा आणि थेंब दुप्पट करा. नेहमीची औषधं महिनाभराची जादा ठेवा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव लिहून घ्या.

नेहमीची विमानं उडताहेत तोवरच वयस्कर माणसं आणि मुलांना पुढे पाठवा. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर द्या. ते नसेल तर विमानतळावर अडवू शकतात.