दोन महिन्यांचा पाहुणा, दीड वर्ष मुक्काम

प्रश्न : रामबागेतलं आमचं घर वडिलांच्या पश्चात आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर आहे. आतेभाऊ नोकरी लागेपर्यंत म्हणून दोन महिन्यांसाठी आला, त्याला दीड वर्ष झालं. जा म्हटलं की ‘माझं आधार याच पत्त्यावर आहे, काढून दाखवा’ म्हणतो. तो बाहेर असताना सामान ओट्यावर ठेवून कुलूप बदललं तर चालेल का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : कुलपाला हात लावू नका, वीज-पाणीही तोडू नका. परस्पर बाहेर काढलं म्हणून तो ६ महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागण्याचा दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे बघितलंच जात नाही. शिवाय ‘बॅगेत रोख होती’ अशी तक्रार त्यानं केली की पोलीस ठाण्याच्या फेऱ्या तुमच्या नशिबी.

आधारची धास्ती सोडा. पत्ता म्हणजे हक्क नव्हे. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे तो निव्वळ परवानगीनं राहतो आहे. फुकट राहणाऱ्या नातेवाइकाला कितीही वर्षं झाली तरी घरात हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मात्र तुमच्या संमतीनं, स्वतःच्या खर्चानं त्यानं गच्चीवर खोली किंवा संडास असं पक्कं बांधकाम केलं असेल तर गुंता होतो. तसंच पैशांचं. घरखर्चाला म्हणून दरमहा ३,००० रुपये जरी घेत असाल तरी तो ते भाडं म्हणून दाखवेल, आणि प्रकरण भाडेकरूंना संरक्षण देणाऱ्या १९६१ च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमात अडकेल. आजपासून एक पैसा घेऊ नका. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, त्याचं नाव चढू देऊ नका.

खरी मेख दादापाशी आहे. एक सहमालक एकटा दावा लावू शकतो, पण दुसरा ‘मी ठेवलंय त्याला’ म्हणाला की दावा लुळा पडतो. म्हणून आधी दादाशी बोला. नोटिशीवर तिघांच्या सह्या हव्यातच.

नोटिशीत लिहा : तो कधी आला, कुणाच्या परवानगीनं, कोणत्या खोलीत राहतो, आणि परवानगी अमुक तारखेपासून रद्द. कायदा ‘वाजवी मुदत’ म्हणतो, आकडा देत नाही. ३० दिवस द्या. स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, बंदच वकिलाकडे द्या. तो शेरा म्हणजे नोटीस पोचल्याचाच पुरावा. मुदतीत कुणी ‘दिवाळीपर्यंत राहा’ असा मेसेज केला तर ती नवी परवानगी ठरते, हे आईलाही समजावून सांगा.

तरीही हलला नाही तर जिल्हा न्यायालयात ताब्याचा दावा, सोबत मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई. ‘मामींनीच राहा म्हटलं होतं’ असा त्याचा मेसेज असेल तर जपून ठेवा. परवानगी त्यानंच कबूल केली की लवकर निकाल मागता येतो. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली एसडीएमकडे जा, असंही कुणी सुचवेल. ती वाट मुख्यतः मुलं आणि वारसांविरुद्धची आहे, भाच्यासाठी तिच्यावर विसंबू नका. धमकी किंवा मारहाण झाली तर मात्र लगेच ११२.

तो निघेल त्या दिवशी सामानाची यादी करा, दोन साक्षीदारांसमोर त्याची सही घ्या, किल्ली परत घ्या. कुलूप त्यानंतर बदला.