मधुमेहाचं दहा वर्षांचं सिम्युलेशन एक्सेलमध्ये जमेल का?

तुमचा प्रश्न असा: प्री-डायबेटिस (साखर वाढलेली, पण मधुमेहाइतकी नाही) असलेल्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला तर दहा वर्षांत मधुमेही किती कमी होतील, हे एक्सेलमध्ये काढता येईल का? येईल. साधं मार्कोव्ह मॉडेल पुरेसं आहे: माणसं काही अवस्थांत वाटायची आणि दरवर्षी ठरावीक शक्यतेने एका अवस्थेतून दुसरीत सरकवायची. एजंट-बेस्ड, म्हणजे एकेक माणूस वेगळा मांडणाऱ्या मॉडेलच्या नादी लागू नका. मधुमेह शेजाऱ्याकडून लागत नाही, त्यामुळे माणसामाणसांतला संपर्क इथे मांडावा लागत नाही.

पाच रकाने आखा: निरोगी, प्री-डायबेटिस, निदान न झालेला मधुमेह, निदान झालेला मधुमेह, मृत्यू. एक ओळ म्हणजे एक वर्ष. सहाव्या रकान्यात बेरीज ठेवा. १०,००० लोकांपासून सुरुवात केली आणि चौथ्या वर्षी १०,०१२ दिसले, तर कुठेतरी माणूस दोनदा मोजला जातोय. प्री-डायबेटिसमधून निरोगीकडे परत जाणारेही असतात. हा परतीचा रस्ता मांडायचा हमखास राहून जातो.

आता खरी मेख. चेन्नईच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (२००६) तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्के. बरेच जण ५५ ला ३ ने भागून वर्षाला १८.३ टक्के धरतात. हे चूक. १८.३ टक्क्यांनी तीन वर्षं चालवून बघा, ४५.५ टक्केच येतात, कारण दरवर्षी उरलेले लोक कमी होत जातात. आधी दर काढा: −ln(१−०.५५)/३ = ०.२६६. मग वार्षिक शक्यता: १−e^(−०.२६६) = २३.४ टक्के. दुसऱ्या गटाचा दर ०.१६६, शक्यता १५.३ टक्के.

पण हे आकडे तसेच गावाला लावू नका. त्या चाचणीतले लोक दोनदा ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (ग्लुकोज पाजून रक्तातली साखर मोजणं) करून निवडलेले, म्हणजे जास्त जोखमीचे होते. चेन्नईच्याच क्युअर्स या पाहणीत सर्वसाधारण प्री-डायबेटिसवाल्यांचा दर १,००० व्यक्ती-वर्षांमागे (एक माणूस एक वर्ष पाहिला की एक व्यक्ती-वर्ष) ७८.९ आला, म्हणजे ०.०७८९. म्हणून मूळ दर पाहणीतून घ्या आणि चाचणीतून फक्त दोन दरांचं गुणोत्तर उचला: ०.१६६/०.२६६, साधारण ०.६२५. मग १०,००० प्री-डायबेटिसवाल्यांत पहिल्या वर्षी ७५९ ऐवजी ४८१ मधुमेही होतात, म्हणजे २७८ वाचतात. चाचणीचे आकडे थेट घातले असते तर ८०४ वाचलेले दिसले असते, आणि अहवाल वाचणारे खूशही झाले असते! हे गुणोत्तर दहाही वर्षं तसंच टिकेल असं धरणं मात्र भाबडेपणाचं आहे. कार्यक्रम संपल्यावर ते हळूहळू १ कडे जाऊ द्या.

मृत्यूदर एसआरएसच्या (सरकारची जन्म-मृत्यूंची नमुना नोंदणी) जीवन कोष्टकांतून, म्हणजे वयानुसार मृत्यूदराच्या तक्त्यांतून, घेता येतो, पण त्यात मधुमेहींचे मृत्यू आधीच धरलेले असतात. समजा त्या वयात २० टक्के मधुमेही आहेत आणि त्यांचा मृत्यूदर इतरांच्या दुप्पट आहे. तर मधुमेह नसलेल्यांचा दर = एकूण दर ÷ (०.८ + ०.२×२), म्हणजे एकूण दर ÷ १.२. हा भागाकार विसरलात तर मॉडेलमधले मृत्यू खऱ्यापेक्षा २० टक्क्यांनी जास्त येतात.

पडताळणीला आकडे जुळवताना एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) आणि आयसीएमआर-इंडियाब (देशव्यापी मधुमेह पाहणी) एका आलेखावर आणू नका. पहिल्यात कधीही घेतलेली, रँडम साखर आहे, दुसऱ्यात उपाशीपोटी आणि ग्लुकोज दिल्यानंतरची, शिवाय एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर). मोजण्यातला फरक तुम्हाला रोगाचा चढउतार वाटेल.

आणि उपचार सुधारल्यावर मधुमेहींचं प्रमाण वाढलेलं दिसलं तर फॉर्म्युला शोधत बसू नका. टाकीचा खालचा नळ बारीक केला की पाणी चढणारच; रुग्ण जास्त जगतात, म्हणून संख्या वाढते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेसाठी केलेल्या सिस्टिम डायनॅमिक्स (अशाच टाक्या आणि नळांच्या) मॉडेलमध्येही हेच दिसलं होतं. त्यामुळे निकालात मधुमेहींचं प्रमाण एकटं देऊ नका. सोबत दरवर्षीचे नवे रुग्ण आणि मृत्यू हे दोन वेगळे रकाने द्या.