लेहेनब्रीफला खरेदीखत म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जर्मनीतल्या अठराव्या शतकातल्या हस्तलिखित जमीन-कागदांचं मराठीत वर्णन करायचं आहे. त्यातल्या ‘लेहेनब्रीफ’ला खरेदीखत म्हटलं तर चालेल का? माथ्यावर ‘ईश्वरकृपेने आम्ही अमुक’ असं राजाचं नाव असतं, म्हणजे जमीन राजाने विकली असं समजायचं का? आणि ‘कुअरफ्युर्स्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

खरेदीखत म्हणू नका. त्यासाठी जर्मनमध्ये ‘काउफब्रीफ’ हा वेगळा शब्द आहे आणि तो कागदही वेगळा. काउफब्रीफमध्ये विकणारा, घेणारा, जमिनीच्या सीमा आणि गुल्डन किंवा टालर या नाण्यांतली किंमत असते. हप्ते ठरले असतील तर मिखाएलिस (२९ सप्टेंबर), मार्टिनी (११ नोव्हेंबर) अशा सणांवर मुदती बांधलेल्या असतात. कधी ‘वाइनकाउफ’ म्हणून एक छोटी रक्कमही दिसते. सौदा पक्का झाला की साक्षीदारांना सोबत घेऊन मद्य घेत, त्याचा तो खर्च. पण वायव्य जर्मनीत हाच शब्द कुळाने जमीनदाराला द्यायच्या प्रवेश-रकमेसाठीही वापरत, म्हणून एवढ्या एका शब्दावर निकाल देऊ नये.

लेहेनब्रीफमध्ये विक्री नसते. जमिनीची वरची मालकी ती देणाऱ्या धन्याकडेच राहते आणि धारकाला ती कसायची, तिचं उत्पन्न खायचं आणि बहुधा वारसांना द्यायची मोकळीक मिळते. मात्र हे नातं माणसामाणसातलं धरलेलं असल्यामुळे दोघांपैकी कुणीही गेलं की कागद नव्याने करून घ्यावा लागे. धनी वारला तर ‘हेरनफाल’, धारक वारला तर ‘मानफाल’. नूतनीकरणाचा अर्ज ‘एक वर्ष आणि एक दिवस’ या मुदतीत करायचा. कायद्याच्या भाषेत ही मुदत पुष्कळ ठिकाणी १ वर्ष, ६ आठवडे आणि ३ दिवस अशी मोजत. ती चुकली तर जमीन जप्त होण्याची भीती असे.

एकाच शेताचे चार-पाच जवळजवळ सारखे कागद सापडतात ते यामुळे. कारकून जुना मसुदा समोर ठेवून नवा उतरवत, फक्त धन्याचं नाव, धारकाचं नाव आणि तारीख बदले. वर्णन करणारा त्या चार-पाच विक्री समजतो आणि जमिनीचा सगळा इतिहासच चुकतो. ‘आमचे कैलासवासी तीर्थरूप यांनी पूर्वी दिल्याप्रमाणे’ अशा अर्थाचं वाक्य आलं की नूतनीकरण ओळखावं. सॅक्सनीचं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे ५ ऑक्टोबर १७६३ रोजी सत्ताधीश फ्रेडरिक ऑगस्ट दुसरे वारले आणि १७ डिसेंबरला गादीवर आलेला मुलगाही गेला. अडीच महिन्यांत दोन हेरनफाल! १७६४च्या आसपासची सॅक्सन लेहेनसनद हाती आली तर आधी हीच शंका घ्यावी. नवा वारस अल्पवयीन होता, १७६८पर्यंत त्याचे काका झेवियर कारभार पाहत होते. त्या वर्षांच्या कागदावर त्यांचं नाव दिसलं म्हणून दुसरं राज्य समजू नये.

आता मराठी शब्द. ‘लेहेन’चं मूळ ‘लाइएन’ या क्रियापदात, म्हणजे वापरायला देणं, उसनं देणं. वेदातला संपत्तीवाचक ‘रेक्णस्’ आणि आपला ‘रिक्त’ याच मुळाचे. ‘इनामपत्र’ मला पटत नाही. आपल्याकडच्या इनामाच्या कागदांत अधिकाऱ्यांना ‘प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे’ अशी ताकीद असते. लेहेनचा तर सगळा जीव नव्या पत्रात. धारक वारल्यावर पुन्हा बहाल करण्याच्या रीतीमुळे ‘सरंजाम’ जास्त जवळचा आहे. पण जर्मनीत साध्या शेतकऱ्यांनाही लेहेन असे आणि दहा-पंधरा मॉर्गनच्या (मॉर्गन हे जमिनीचं जर्मन माप) कुणब्याला सरंजामदार म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून ‘लेहेनसनद’ लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्यावा. ‘ब्रीफ’साठी ‘पत्र’ही चालेल, दानपत्र, मिरासपत्र यांत आपण ‘पत्र’ त्याच अर्थाने वापरतोच. मॉर्गन मात्र एकरात बदलू नये. १८१६ नंतरचा प्रशियन मॉर्गन सुमारे २५ गुंठ्यांचा, पण शेजारच्या राज्यात माप बदलतं.

राजाच्या नावाबद्दल. खरेदीखतावरही ते येतं, कारण विक्रीवर शिक्कामोर्तब करणारं स्थानिक न्यायालय राजाच्या नावाने काम करी. तिथे राजा विकणारा नाही. लेहेनसनदेतही सही बहुधा लेहेन-कचेरीच्या अधिकाऱ्याची असते, राजाची स्वतःची क्वचित. शिक्क्याच्या जागी ‘एल. एस.’ अशी दोन अक्षरं असतील तर हातातला कागद बहुधा नक्कल असतो. ‘शिक्क्याची जागा’ या लॅटिन शब्दांचं ते संक्षिप्त रूप.

कुअरफ्युर्स्ट म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क असलेला सत्ताधीश, मग तो राजघराण्यातला असो वा आर्चबिशप. १३५६च्या सुवर्ण-फर्मानाने असे सात ठरले, पुढे संख्या बदलली. ‘निर्वाचक’ हा शब्द नेमका; ‘मतदार राजा’ वाचकाला आजच्या निवडणुकीकडे नेतो. जुन्या लेखनात शब्दाची सुरुवात ‘सीएच’ने होते, त्याने गोंधळू नये. राजाचा क्रमांक मात्र जपून लिहावा. झेवियर यांचा तो पुतण्या १८०५च्या कागदावर निर्वाचक फ्रेडरिक ऑगस्ट तिसरा असतो, तर १८१०च्या कागदावर राजा फ्रेडरिक ऑगस्ट पहिला. माणूस एकच, डिसेंबर १८०६मध्ये सॅक्सनीचं राज्य झालं आणि मोजणी नव्याने सुरू झाली. हॅनोव्हरच्या कागदांत तिथले निर्वाचक तिसरे जॉर्ज ग्रेट ब्रिटनसोबत फ्रान्सचेही राजे म्हणवतात, तो दावा १८०१च्या आरंभी सोडला. फ्रान्स असेल तर कागद बहुधा त्याआधीचा.

तारखेत ‘७बर’ दिसलं तर सप्टेंबर लिहा, जुलै नव्हे. लॅटिनमध्ये सप्टेंबर म्हणजे सातवा. तसंच ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या आकड्यापुढे ‘बर’ असेल तर डिसेंबर.