शोधनिबंधाची सुरुवात नेमकी कुठून करायची?

एम.ए. इतिहासाचं पहिलं वर्ष, सरांनी ‘१९७२ चा दुष्काळ’ हा विषय दिलाय, गूगलवर ढीगभर सापडलं पण पहिलं पानही लिहून होत नाही, असं तुम्ही म्हणता. होणारही नाही, कारण एवढ्यावर तो निबंधाचा विषय होत नाही. पाऊस, पिकं, मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि मिलो ज्वारी, स्थलांतर, सरकार... दहा पानांत सगळ्याला हात लावाल आणि हाती काहीच लागणार नाही. एखादा तालुका धरा, एखादी बाजू धरा आणि तिचा प्रश्न करा. उदाहरणार्थ, दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायांची मजुरी कशी ठरायची आणि प्रत्यक्षात हातात किती पडायची? असा प्रश्न ठरला की काय वाचायचं नाही हे कळतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. ‘दुष्काळावर काय आहे?’ असं विचारत पोरं आली की मी आधी शोधगंगा ही भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांची वेबसाइट उघडायला लावतो. फुकट आहे. दुष्काळावरचा किंवा रोजगार हमीवरचा एखादा पीएच.डी.चा प्रबंध काढा. प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. प्रस्तावना वाचत बसू नका, थेट संदर्भसूचीची फाइल उघडा. दोन-तीन प्रबंधांच्या सूच्या शेजारी शेजारी ठेवल्या की काही नावं पुन्हा पुन्हा दिसतात, वाचन तिथून सुरू करा. प्रबंध यथातथा असला (पुष्कळदा असतोच) तरी सूची कामाला येते. शीर्षक देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत टाकून बघा. बऱ्याच मराठी फाइली नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, त्यांच्यात शब्द शोधून सापडत नाही, पानं चाळावीच लागतात. इंग्रजी चालत असेल तर या दुष्काळावर अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी लिहिलंय, ते चुकवू नका.

आणि नुसतं ‘रोजगार हमी’ शोधू नका. वि. स. पागे यांची ती योजना १९७२ मध्येच आली खरी, पण त्या दुष्काळात लोक मुख्यतः सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर होते. हमीचा कायदा १९७७ चा. म्हणून त्या वेळची वर्तमानपत्रं चाळताना ‘दुष्काळी कामे’, ‘टंचाई’ याकडे लक्ष ठेवा. बरेच जण इथे गल्लत करतात, तुमच्या निबंधात हा फरक आला तरी सर खूश होतील.

टिपण काढलं की पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. विकिपीडिया खुशाल वाचा, संदर्भ म्हणून देऊ नका.

गावाकडे सत्तरी ओलांडलेल्या कुणी आजी असतील, तर ग्रंथालयाच्याही आधी त्यांना गाठा. ‘दुष्काळ कसा होता?’ विचारलंत तर ‘लई वाईट’ एवढंच ऐकायला मिळेल. केलेल्या कामाची मापं घ्यायला कोण यायचं, पगार किती दिवसांनी व्हायचा, लेकरं कुठे ठेवायचात, असं विचारा. रेकॉर्डिंगला त्यांची परवानगी घ्या आणि गाव, तारीख वहीत टिपा. मुलाखतही संदर्भ म्हणून देता येते.