देवाशी भांडलं तर पाप लागतं का?

भांडुपच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. शाळेपासूनच्या जिवलग मैत्रिणीला धंद्यासाठी साडेतीन लाख उसने दिले. पैसे लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी साठवलेले. देण्याआधी मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहून तिनं गाऱ्हाणं घातलं होतं, ‘चुकत असेन तर अडव.’ दीड वर्ष झालं, मैत्रिणीचा फोन बंद, खोलीला कुलूप. ‘मावशी, रोज दिवा लावते, पण हात जोडवत नाहीत. तिच्यापेक्षा देवानंच दगा दिला असं वाटतं. सासूबाई म्हणतात, असं बोलू नये, पाप लागतं.’

अगं, जनाबाईनं ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी सुरुवात करून पांडुरंगाला पुढे ज्या शिव्या घातल्यात, त्या मी इथे लिहिल्या तर सासूबाई माझाच उद्धार करतील. तुकोबांचं बघ. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. त्यांच्याच गाथेत ‘माझे लेखी देव मेला’ असा अभंग आहे. ती गाथा आपण देव्हाऱ्याशेजारी ठेवतो. त्यांचं कुणी पाप काढलं नाही, तुझंच का काढावं?

सध्या अथर्वशीर्ष राहू दे. जे पोटात आहे तेच बोल. ‘मी तुला विचारलं होतं. तू गप्प बसलास. माझा तुझ्यावर भरवसा राहिलेला नाही.’ आणि तिथेच थांब. लगेच ‘पण तुझी इच्छा, देवा’ असं ठिगळ लावू नकोस. ते ठिगळ आपण देवासाठी लावत नाही, आपल्याच भीतीसाठी लावतो.

आता बोलायचं कुठे? एका खोलीत पाच माणसं, असं तू लिहिलंयस. मुंबईत रडायलाही जागा शोधावी लागते. मोरीत नळ सोडून बोल, अर्थात पाणी असेल त्या वेळात! किंवा एकादशी टाळून एखाद्या साध्या दिवशी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाऊन बस. तेही जमत नसेल तर लेकीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिही आणि फाडून टाक.

लगेच हलकं वाटेल असं मी म्हणणार नाही. आधी राग वाढेलही. बोलता बोलता एक गोष्ट मात्र तपासून बघ. ‘अडव’ म्हणताना पैसे देण्याचा निर्णय तू त्याच्या गळ्यात घातलास का? देवावरच्या रागात थोडा स्वतःवरचा राग मिसळला असेल, तर तोही त्याच्यापुढेच ओत. विश्वास टाकणं हा गुन्हा नव्हे. दगा तिनं दिलाय. आणि ‘माफ कर, सोडून दे’ म्हणणाऱ्यांना सांग, इतक्यात नाही.

पैशाचं मात्र देवावर सोडू नकोस. बँकेचं स्टेटमेंट काढ, तिचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नकोस आणि याच आठवड्यात वकील गाठ. उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यातलं दीड वर्ष तिच्या फोनची वाट बघण्यात गेलंय.